उंदराला पचली, नळीला नाही

१९८१ साली ज्वारीबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि धान्यशास्त्रज्ञांची झोप उडाली. पेरूची राजधानी लिमा इथे विल्यम मॅक्लीन, जॉर्ज ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना ज्वारीच्या पिठाची शिजवलेली पेज दिली होती. आहारात दुसरं प्रथिन ठेवलं नव्हतं. मुलांच्या पोटात नायट्रोजन किती गेला, मलावाटे किती बाहेर पडला याचा हिशोब मांडला, तेव्हा ज्वारीच्या प्रथिनापैकी जेमतेम ४६ टक्के पचल्याचं दिसलं. याच गटाच्या आधीच्या मोजणीत गव्हाचा आकडा ८१, मक्याचा ७३ आणि भाताचा ६६ होता.

ज्या धान्यावर सोलापूर-मराठवाड्यापासून सुदानपर्यंतची कोरडवाहू माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्याचं निम्म्याहून अधिक प्रथिन वाया जातं? यावर विश्वास बसणं अवघड होतं, कारण प्रयोगशाळेतल्या उंदरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. उंदीर ज्वारी खाऊन बऱ्यापैकी पचवत होते. या कोड्याचा उलगडा शेवटी काचेच्या नळीत झाला. अन्नातलं प्रथिन किती पचतं हे प्रयोगशाळेत कसं मोजतात, हे समजून घ्यायला ज्वारीच्या या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी थोडं मोजणीबद्दल. अन्नात प्रथिन किती आहे हे ठरवताना बहुतेक प्रयोगशाळा प्रथिन मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात. ही युक्ती योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो होता, आणि बिअरसाठी आणलेल्या सातूत प्रथिन किती हे त्याला झटपट कळायला हवं होतं. १८८३ साली त्यानं पद्धत जाहीर केली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा; काळाकुट्ट रस्सा हळूहळू काचेसारखा स्वच्छ होतो आणि सगळा नायट्रोजन अमोनियाच्या क्षारात उतरतो. मग त्यात अल्क घालून अमोनिया ऊर्ध्वपातनानं बाहेर काढायचा आणि टायट्रेशन करून मोजायचा. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणलं की झालं प्रथिन. गव्हाला ५.७, दुधाला ६.३८ असे वेगळे गुणक वापरतात, पण कल्पना तीच.

पाकिटावर छापलेला प्रथिनाचा आकडा बहुतेक वेळा अशा हिशोबातूनच आलेला असतो. त्यात नायट्रोजन कुठून आला याची चौकशी नसते. चीनमध्ये २००८ साली भेसळ करणाऱ्यांनी पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं ते याच फटीतून. मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे केल्डाल पद्धतीत दूध उत्तम ठरायचं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली आणि सहा दगावली. अर्थात भेसळ नसली तरी प्रश्न उरतोच. कोंबडीच्या पिसात आणि चामड्याच्या भुश्शात प्रथिन भरपूर असतं. आपण ते खात नाही, कारण पचत नाही.

पचन मोजायचा जुना मार्ग म्हणजे खाल्लेल्यातून टाकलेलं वजा करणं. दूध तुटलेले कोवळे उंदीर घ्यायचे, ज्याची परीक्षा करायची तेवढंच प्रथिन त्यांच्या खाण्यात ठेवायचं, उरलेलं अन्न आणि लेंड्या रोज गोळा करायच्या, आणि दोन्हींचा केल्डाल करायचा. उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो, म्हणून पिंजऱ्याला तळाशी जाळी लागते. शिवाय लेंडीतला सगळा नायट्रोजन अन्नातून आलेला नसतो. आतड्याच्या झडलेल्या पेशी, पाचकरस, जंतू यांचाही त्यात वाटा असतो. तो वजा करण्यासाठी काही उंदरांना प्रथिनविरहित आहारावर ठेवावं लागतं. काम वेळखाऊ, खर्चिक आणि उंदरांच्या दृष्टीनं क्रूर. तरी जगभरातल्या पोषणतज्ज्ञांनी दशकानुदशकं याच आकड्यांवर धान्यं, डाळी आणि बालान्नं जोखली.

पोटाबाहेर पचन घडवून पाहण्याची कल्पना मात्र उंदरांच्या पिंजऱ्यांपेक्षा कितीतरी जुनी. अठराव्या शतकात इटलीचा लाझारो स्पालान्झानी जठररस आणि मांसाचे तुकडे काचेच्या नळीत घालून ती नळी काखेत धरून बसायचा. अंगाची ऊब देणारं दुसरं यंत्र त्याच्याजवळ नव्हतं. पुढे १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो जगला, पण जठराचं भोक कातडीला चिकटून कायमचं उघडं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटनं १८२५ पासून त्या भोकातून जठररस काढून कुपीत भरायला सुरुवात केली. कुपीत खारवलेल्या, उकडलेल्या गोमांसाचा तुकडा टाकायचा, कुपी शंभर अंश फॅरनहाइटच्या पाण्यात ठेवायची, आणि तसाच दुसरा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधून सेंट मार्टिनच्या जठरात सोडायचा. मांस दोन्हीकडे विरघळलं, पण कुपीत बराच जास्त वेळ लागला. सेंट मार्टिनची या प्रयोगांना मनापासून संमती होती असं म्हणवत नाही. तो मधूनमधून निघून जायचा आणि बोमाँट त्याला परत आणवायचा. पण रस बाहेर काढला तरी काम करतो आणि पोटात त्याहून वेगानं करतो, या दोन्ही गोष्टी त्या कुपीनं दाखवल्या. नळीतल्या पचनाचं बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथंच दिसतं.

१८३६ साली थिओडोर श्वाननं जठररसातला प्रथिन तोडणारा घटक वेगळा ओळखला आणि त्याला पेप्सिन हे नाव दिलं. आज डुकराच्या जठरातून काढलेली पेप्सिनची पांढरट पूड बाटलीत विकत मिळते. पशुखाद्याच्या व्यापारात तिचा उपयोग फार पूर्वीपासून होतो. मासळीची भुकटी खरी की त्यात पिसं दळून घातली आहेत हे पाहायचं असेल, तर ती ०.२ टक्के पेप्सिनच्या सौम्य आम्लद्रावणात ४५ अंशांना १६ तास ढवळत ठेवतात आणि न विरघळलेला भाग गाळून मोजतात. १६ तास आणि ४५ अंश हे कुणाच्याच पोटाचं वर्णन नाही. त्या चाचणीला पोटाची नक्कल करायचीच नसते. लबाडी पकडायची असते, आणि तेवढं ती उत्तम करते.

ज्वारीचं कोडं हाती घेतलं ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी. तिथे जॉन अ‍ॅक्सटेल ज्वारीचे पैदासकार होते, आणि एडविन मर्ट्झ हे ज्येष्ठ जीवरसायनशास्त्रज्ञ. १९६४ साली लायसिन या अमिनो आम्लानं समृद्ध मका शोधणाऱ्या जोडीतले हेच मर्ट्झ. त्यांनी बसवलेली चाचणी इतकी साधी आहे की पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी ती दुपारभरात करू शकतो. २०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर पीठ नळीत घ्यायचं. शिजवलेल्या धान्याची परीक्षा असेल तर ते आधी पाण्यात शिजवून घ्यायचं. त्यावर ३५ मिलिलिटर पेप्सिनचं द्रावण ओतायचं; त्याचा सामू २, म्हणजे चांगलंच आंबट. नळी ३७ अंशांना दोन तास हलवत ठेवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साका तळाशी बसवायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, साका धुवायचा आणि त्याचा केल्डाल करायचा. मूळ पिठातला नायट्रोजन वजा साक्यात उरलेला नायट्रोजन, म्हणजे पेप्सिननं विरघळवलेला भाग.

कच्च्या ज्वारीच्या पिठाचं ७८ ते १०० टक्के प्रथिन पेप्सिननं सोडवलं. तेच पीठ शिजवल्यावर आकडा ४५ ते ५५ वर घसरला, म्हणजे लिमाच्या मुलांच्या अगदी शेजारी. उंदरांच्या आकड्यांत ही घसरण दिसलीच नव्हती. १९८१ च्या आपल्या निबंधात अ‍ॅक्सटेल, मर्ट्झ आणि मंडळींनी या प्रश्नासाठी उंदीर हा योग्य नमुना नाही असं स्पष्ट म्हटलं. जनावरावरचा प्रयोग खरा आणि नळीतला त्याची स्वस्त नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. इथे माणसाच्या बाजूनं साक्ष दिली ती नळीनं.

शिजवल्यावर पचन घटावं, हे आपल्या सगळ्या अनुभवाच्या उलट वाटतं. सोयाबीन शिजवलंच पाहिजे; त्यात ट्रिप्सिन या आतड्यातल्या विकराला अडवणारी द्रव्यं असतात आणि ती उष्णतेनं मोडतात. अंड्याचं तर मोजमापच उपलब्ध आहे. लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेनं पोटाबाहेर आणलेल्या रुग्णांवर बेल्जियममध्ये झालेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं ९१ टक्के प्रथिन पचलं आणि कच्च्याचं ५१ टक्के. व्यायामशाळेतून येऊन दुधात कच्ची अंडी फोडून पिणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. ज्वारी मात्र उलटी वागते, आणि त्याचं कारण तिच्या प्रथिनाच्या बांधणीत आहे.

ज्वारीच्या दाण्यातलं निम्म्याहून अधिक प्रथिन काफिरिन या गटाचं. ते दाण्यात सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात साठलेलं असतं. गोळीच्या आत अल्फा काफिरिन असतं, ते पचायला तसं सोपं. पण त्याच्याभोवती बीटा आणि गामा काफिरिनचं कवच असतं, आणि या दोन्हींत गंधकधारी अमिनो आम्ल जास्त. पाण्यात शिजवताना गंधकाचे अणू एकमेकांशी जोडले जातात आणि नारळाच्या करवंटीसारखं ते कवच घट्ट होतं. आतलं खोबरं कितीही मऊ असलं तरी पेप्सिनचा दात तिथवर पोचत नाही. हा तर्क तपासायची सोयही नळीतच होती. शिजवताना गंधकाचे बंध तोडणारं रसायन घातलं, तेव्हा पचनाचा आकडा पुन्हा वर चढला. मुलांना असलं रसायन देता आलं नसतं. नळीला देता येतं.

हे वाचून कुणी भाकरीवर फुली मारू नये. लिमाचा आकडा निव्वळ पेजेवर ठेवलेल्या लहान मुलांचा आहे. आपल्याकडे भाकरीसोबत पिठलं, मटकीची उसळ, आमटी, ताक यांतलं काही ना काही असतंच, आणि ज्वारीत कमी असलेलं लायसिन डाळी भरून काढतात. शिवाय प्रक्रिया बदलली की ज्वारीही बदलते. कोंडा काढून, दाबयंत्रातून काढलेली ज्वारी लिमातल्याच मुलांना दिल्यावर पचन ८१ टक्क्यांवर गेलं. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून त्याची बाळांसाठी पेज आणि पातळ पापुद्र्यासारखी भाकरी करतात. त्या पदार्थांचे नळीतले आकडे ६५ ते ८६ आले. आंबील करणाऱ्या आपल्या आज्या हे वाचून फारशा चकित झाल्या नसत्या.

पेप्सिनची चाचणी जठरापाशी थांबते, पण प्रथिनाचा प्रवास पुढे लहान आतड्यात चालतो. तिथे स्वादुपिंडातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन वगैरे विकरं येतात आणि प्रथिनाच्या साखळ्या बारीक तोडतात. हे तोडणं मोजायची एक चलाख पद्धत १९७७ साली अमेरिकेत निघाली, ती सामूच्या घसरणीवर आधारलेली. प्रथिनाच्या साखळीतला एक बंध तुटला की दोन मोकळी टोकं तयार होतात आणि सौम्य अल्क द्रावणात त्यातून थोडं आम्लत्व बाहेर पडतं. म्हणून अन्नाचं द्रावण ३७ अंशांवर बरोबर सामू ८ ला आणायचं, त्यात तीन विकरांचं मिश्रण टाकायचं आणि फक्त दहा मिनिटं थांबायचं. जितके बंध तुटतील तितका सामू खाली येतो. सामू ७ वर थांबला तर या पद्धतीच्या सूत्रानुसार पचनीयता सुमारे ८४ टक्के, ६.५ पर्यंत उतरला तर सुमारे ९३. महिनाभराचं उंदीरकाम दहा मिनिटांत! योगायोग असा की सामूची मोजपट्टीही १९०९ साली त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, केल्डालचा उत्तराधिकारी सोरेन्सेन यानं तयार केली होती.

पण ही दहा मिनिटं फसवूही शकतात. नमुन्यात चुन्याचे किंवा इतर क्षार जास्त असतील तर ते आम्लत्व गिळून टाकतात आणि प्रथिन तुटत असूनही सामू हलत नाही. म्हणून पुढे काहींनी सामू घसरू न देता तो ८ वरच धरून ठेवायचा आणि त्यासाठी किती अल्क घालावं लागलं ते मोजायचं, अशी सुधारणा केली. मूळ सूत्र उंदरांवरच्या आकड्यांशी जुळवून बसवलेलं होतं, हेही विसरून चालणार नाही. उंदराची चूक अशा सूत्रात जशीच्या तशी उतरते. मर्ट्झ यांच्या नळीचं मोल इथे कळतं. तिची गाठ थेट मुलांच्या आकड्याशी घातली गेली.

प्रत्येक प्रयोगशाळेचं पेप्सिन वेगळं, वेळ वेगळा, सामू वेगळा, अशा गोंधळात एका संस्थेचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवायची सोय राहिली नाही. त्यावर उपाय म्हणून युरोपात सुरू झालेल्या आणि पुढे बाहेरच्या देशांतही पसरलेल्या इन्फोजेस्ट या संशोधकांच्या जाळ्यानं २०१४ साली एक समान कृती ठरवली; तिची सुधारित आवृत्ती २०१९ ची. तोंडाचा टप्पा दोन मिनिटांचा. मग जठराचा टप्पा, सामू ३ ला दोन तास. मग लहान आतड्याचा, सामू ७ ला पित्तक्षार आणि स्वादुपिंडाच्या विकरांसह आणखी दोन तास. विकराचं वजन सांगून भागत नाही, त्याची ताकद एककांत मोजून घ्यावी लागते. एका बाटलीतली चिमूट दुसऱ्या बाटलीतल्या चिमटीइतकी तिखट असेलच असं नाही.

याहून बारीक भानगड म्हणजे विकरं स्वतःच प्रथिनं आहेत. नळीत अन्नाबरोबर त्यांचाही नायट्रोजन जातो, आणि ती एकमेकांनाही तोडतात. म्हणून अन्न न घालता फक्त विकरं आणि पाणी असलेली एक नळी शेजारी चालवावी लागते आणि तिचा आकडा वजा करावा लागतो. जिथे ही नळी चालवलेली नाही, तिथला पचनीयतेचा आकडा मी तरी गंभीरपणे घेणार नाही. शेवटी प्रश्न उरतो तो पचलं कशाला म्हणायचं हा. काही जण ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल घालून मोठे तुकडे खाली बसवतात आणि वरच्या द्रवात विरघळून राहिलेले लहान तुकडे पचलेले मानतात. काही जण सुटी अमिनो आम्लं एकेक करून मोजतात. एकाच नळीतून दोन वेगळे आकडे निघतात आणि दोन्ही बरोबर असतात, फक्त प्रश्न वेगळा असतो.

नेदरलँड्समध्ये यापुढे जाऊन संगणकानं चालणारं जठर आणि लहान आतडं बनवलं आहे. काचेच्या कप्प्यांत लवचीक पडदे आकुंचन पावतात, रस थेंबथेंब येतात, पचलेला भाग गाळणीतून बाहेर निघतो. पाहायला मोठी गंमत आहे. पण तरीही त्यात रक्त नाही, संप्रेरकं नाहीत, आणि पोट भरलं की जठर आपला वेग कमी करतं तसं करण्याची अक्कल बाहेरून घालावी लागते.

दरम्यान मोजणीच्या नियमांनीही कूस बदलली. पूर्वी मलातून बाहेर पडलेला नायट्रोजन धरत. पण लहान आतड्यातून सुटलेलं प्रथिन मोठ्या आतड्यातले जंतू फस्त करतात. त्यातला काही नायट्रोजन अमोनिया होऊन रक्तात शिरतो, पण त्यातून अमिनो आम्लं हाती लागत नाहीत. हिशोबात मात्र ते पचलं म्हणून जमा होतं. म्हणून अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालानं लहान आतड्याच्या टोकाशी, प्रत्येक अमिनो आम्लासाठी वेगळं मोजा, असं सुचवलं. माणसात हे करायचं तर आतड्यापर्यंत पोचणारी नळी गिळावी लागते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी त्यावर वाट काढली. जड हायड्रोजनचं पाणी पाजून पिकवलेल्या कडधान्यांचं जेवण दिलं आणि ती खूण रक्तात किती उतरते ते मोजलं. साल काढलेल्या मुगाचं प्रथिन सालासकटच्या मुगापेक्षा जास्त पचतं, हे त्यातून माणसांतच दिसलं.

अशी मोजणी किती धान्यांची करता येईल? पैदासकाराच्या हाती एकेका ओळीचे मूठभर दाणे असतात, आणि अशा ओळी शेकड्यांनी. तेवढ्या दाण्यांवर उंदीरही पोसता येत नाही, माणसं तर दूरच. चिमूटभर पिठाची पेप्सिनची नळी मात्र चालवता येते. पर्ड्यूमध्ये हेच झालं. लायसिन जास्त असलेल्या ज्वारीच्या संकरातून आलेल्या काही ओळी शिजवूनही चांगल्या पचतात, हे नळीनं उघड केलं. २००० साली त्यांचे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर प्रथिनाच्या गोळ्या गोल नसून सुरकुतलेल्या, घडीघडीच्या दिसल्या. गामा काफिरिन घड्यांच्या तळाशी सरकलेलं आणि अल्फा उघड्यावर, त्यामुळे पेप्सिनला वाट मोकळी. अडचण एकच. त्या ओळींचा दाणा आतून पिठाळ आणि मऊ निघाला, बुरशीला लवकर बळी पडणारा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा चकाकणारा दाणा पारखून घेणाऱ्या शेतकऱ्यानं तो हातात घेऊन बाजूलाच ठेवला असता. तेव्हापासून पैदासकार तो घडीदार गोळ्यांचा गुण टणक दाण्यात उतरवायच्या मागे लागले, आणि प्रत्येक संकराची परीक्षा पुन्हा त्याच २०० मिलिग्रॅम पिठावर होऊ लागली.